जुन्या घराची दुरुस्ती व ‘मल्टी-टूल’ नांवाचें यंत्र

वैशाखाचें ऊन तापूं लागलें, नांगरट आटोपली आणि शेणखत शेतांत पडलें, म्हणजे शेतकऱ्याचें लक्ष सहजच घराकडे वळतें. कौलें चाळून घेणें, कुजलेले वांसे बदलणें, गोठ्याची गव्हाण सांधणें, पडवीस पावसाची झड लागूं नये म्हणून ताट्या बांधणें, हीं सर्व कामें मृगापूर्वीं उरकावीं लागतात. परंतु शेताच्या कामांत आपण जितके दक्ष असतों तितके घराच्या कामांत नसतों. ज्या घरांत बीं-बियाणें, दाणागोटा व गुरेंढोरें यांचा सांभाळ व्हावयाचा, तेंच घर थोड्याशा दुर्लक्षानें आंतून खचत जातें. आणि तें ध्यानांत येतें तेव्हां लहान दुरुस्तीची वेळ निघून गेली आहे असें लोक सांगूं लागतात. तशी वेळ खरोखरच निघून गेली होती कीं नव्हती, हें आमच्या घराच्या बाबतींत एका लहान यंत्रामुळें कळलें. तो अनुभव शेतकरी बंधूंस उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहें.

आमचें घर पाटण तालुक्यांत डोंगराच्या उतारावर आहे. भिंती दगडमातीच्या, खांब व तुळया साग आणि ऐन यांच्या, आणि वर मंगळुरी कौलें. ता. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हां भिंतींस भेगा गेल्या व मागील एक कोपरा ढांसळला. परंतु लांकडी सांगाडा जागचा हलला नाहीं, असें आमचे वडील सांगत. त्या सांगाड्यांतीलच एक भाग म्हणजे ओसरीवरून माजघरांत जाणाऱ्या दाराची सागवानी चौकट. चार इंच जाडीच्या तिच्या बाह्या पूर्वीं शेणानें सारवलेल्या जमिनींत उभ्या होत्या. ती जमीन श्वास घेई व लवकर वाळे. पुढें स्वच्छतेसाठीं आम्ही सिमेंटचा कोबा केला. कोबा धुतांना पाणी बाहीच्या मुळाशीं सांचूं लागलें, आणि लांकडाच्या उभ्या शिरा तें पाणी दिव्याच्या वातीप्रमाणें वर ओढूं लागल्या. ओल आली तेथें वाळवी आली. गेल्या दोन-तीन वर्षांत दोन्ही बाह्यांचे पाय बाहेरून रंगानें शाबूत दिसत असूनहि आंतून भुशासारखे झाले होते.

पाहावयास आलेल्या एका कंत्राटदारानें जें सांगितलें तें बहुतेक वाचकांनीं आपल्या घरीं ऐकलें असेल. चौकट काढावयाची तर वरची भिंत उतरवावी लागेल. भिंत उतरवावयाची तर छप्पर उघडावें लागेल. आणि एवढें करावयाचें तर सर्व घरच पाडून स्लॅब घालावा, हें बरें. आमचे धाकटे बंधु नोकरीनिमित्त पुण्यास असतात. त्यांसहि तें पटलें. शेजारचें तसलेंच घर दोन वर्षांपूर्वीं पाडलें गेलें होतें व त्याचें लांकूड व्यापाऱ्यानें उचलून नेलें होतें, तें उदाहरण समोर होतेंच. मातोश्रींचें म्हणणें एवढेंच होतें कीं, “खूर सडला म्हणून कोणी बैल बाजारांत नेतो का?” वाद मोठा होता, पण तो येऊन थांबला होता दोन बाह्यांच्या वीतभर पायांपाशीं.

गांवचे सुतारमामा सत्तरी ओलांडलेले आहेत. त्यांनीं चौकट पाहून सांगितलें कीं, वरचें लांकूड अद्याप घण्ण वाजतें. कुजलेला पायच तेवढा कापून नवा पाय सांधतां येईल. अडचण होती ती कापण्याची. एका अंगास भिंत आणि खालीं कोबा, तेव्हां करवतीस मागेंपुढें होण्यास जागा नाहीं. केवळ पटाशीनें तोडावें तर प्रत्येक घावागणिक वरची माती सुटणार. ग्राइंडरची चकती गोल असल्यामुळें ती कोपऱ्यांत पोंचत नाहीं. शिवाय अशा अडचणींत ती लांकडांत अडकून उसळली तर हात गमवावयाची वेळ येते. त्या वेळीं पाटणहून विजेचें काम करावयास आलेल्या एका तरुणानें आपल्या पिशवींतून जें यंत्र काढून दाखविलें, त्यास बाजारांत ‘मल्टी-टूल’ किंवा ‘मल्टी-कटर’ म्हणतात.

या यंत्राची रचना समजून घेण्यासारखी आहे. कारण रचना कळली म्हणजे तें कोठें वापरावें व कोठें वापरूं नये, हेंहि आपोआप कळतें. यंत्र मुठींत धरतां येईल एवढें असतें. आंत एक मोटर असून तिचा दांडा गोल फिरतो. त्या दांड्याच्या टोंकास मुद्दाम किंचित् मध्याबाहेर बसविलेली बेअरिंग असते. ती फिरतांना एका दुबेळक्यास डावीउजवीकडे ढकलते, आणि त्या दुबेळक्यास जोडलेलें पातें त्याबरोबर डोलतें. हें डोलणें एकंदर तीन-चार अंशांचेंच असतें, म्हणजे पात्याचा दांत कांहीं मिलिमीटरच इकडून तिकडे जातो. परंतु मिनिटांत सुमारें आठ हजारांपासून वीस हजारांपर्यंत असे झोके होतात. लांब हात मारून कापणारा कोयता व बोटभर हालणारें खुरपें यांत जो फरक, तोच मोठी करवत व हें पातें यांत आहे. खुरपें जसें रोपाच्या बुंध्याशीं जाऊन नेमकें तणच काढतें, तसें हें पातें भिंतीस लागून, जमिनीस टेकून, जेवढें कापावयाचें तेवढेंच कापतें. तें फिरत नसल्यामुळें ग्राइंडरसारखें उसळत नाहीं, व धूळहि दूर उडवीत नाहीं.

या युक्तीचा पहिला नांवाजलेला उपयोग लांकडासाठीं झालेला नाहीं, हें वाचून नवल वाटेल. अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत कॅलमझू येथें डॉ. होमर स्ट्रायकर हे अस्थिरोगतज्ज्ञ होते. मोडलेलें हाड सांधल्यावर त्यावरचें प्लास्टर कातडीस इजा न होतां कापतां यावें, म्हणून त्यांनीं डोलणाऱ्या पात्याची करवत केली व सन १९४७ मध्यें तिचें पेटंट मिळविलें. कठीण प्लास्टर जागचें हलत नाहीं म्हणून कापलें जातें, व मऊ कातडी पात्याबरोबर हलते म्हणून सहसा वांचते, असें त्यांतील तत्त्व. जर्मनींतील फाइन ही सन १८६७ मध्यें स्थापन झालेली जुनी कंपनी. तिनें हेंच तत्त्व सुतारकामाच्या व दुरुस्तीच्या यंत्रांत आणलें. सन २००८ च्या सुमारास तिच्या मूळ पेटंटची मुदत संपल्यावर इतर अनेक कंपन्यांनीं अशीं यंत्रें काढलीं व तीं सामान्य माणसाच्या आवाक्यांत आलीं. येथें एक इशारा आवश्यक आहे. प्लास्टरच्या करवतीची ही गोष्ट ऐकून कोणीं लांकूड कापण्याच्या पात्यास बोट लावून पाहूं नये. त्या पात्याचे दांत तीक्ष्ण असतात व तें बोट निश्चित कापतें.

आतां प्रत्यक्ष काम कसें झालें तें सांगतों. प्रथम चौकटीवरील तुळईस दोन्ही बाजूंनीं भक्कम टेकू देऊन खालीं पाचरी मारल्या, म्हणजे वरचा भार बाह्यांवरून उतरला. हें केल्यावांचून बाहीस पातें लावूं नये. यंत्र कितीहि हलकें असलें तरी भिंत हलकी नसते. नंतर सुतारमामांनीं जुन्या आरीनें बाही टोंचत टोंचत कूज कोठवर गेली आहे तें पाहिलें. आरी जेथें रुतेनाशी झाली, त्याच्या वर आणखी दोन इंच सोडून खूण केली. कूज जेथें संपलीसें वाटतें तेथेंच कापणें ही खोटी काटकसर होय. कुजक्या शेजारचें लांकूड ओल घेऊन बसलेलें असतें.

जोड पायरीचा करावयाचें ठरलें. ओसरीच्या बाजूनें जमिनीपासून चौदा इंचांवर एक आडवा काप निम्म्या जाडीपर्यंत, म्हणजे दोन इंच खोल; माजघराच्या बाजूनें आठ इंचांवर दुसरा काप, तोहि निम्म्या जाडीचा; आणि दोहोंच्या मधलें लांकूड शिरांच्या दिशेनें उभें फोडून काढावयाचें. मल्टी-टूलचें साधें पातें सुमारें दीड-दोन इंचच खोल जातें, ही त्याची मोठी मर्यादा. पण या जोडास दोनच इंच हवे होते. सरळ आडवा जोड केला तर तो बाजूस सरकतो, व नुसता तिरपा केला तर भारानें घसरतो. पायरीचा जोड भार खालीं नेतो व सरकत नाहीं.

पहिला काप मीं स्वतः घेतला व पहिलेंच पातें दहा मिनिटांत जाळलें. चूक दुहेरी होती. एक म्हणजे मीं तें करवतीसारखें जोरानें रेटलें. दांत लांकडांत दाबले गेले, झोके मंदावले आणि धूर निघूं लागला. दुसरी म्हणजे आंत लोहारी घडणीचा एक जुना खिळा होता, तो मीं आधीं शोधला नाहीं. या यंत्रास रेटावयाचें नसतें. पातें चालूं करून मगच लांकडास टेकवावें. सरळ फळीचा तुकडा खुणेशीं बसवून त्याच्या आधारानें पहिली खांच पाडावी. नंतर पात्याचें एक टोंक थोडें दाबून, मग दुसरें दाबून, असें हळूहळू डावीउजवीकडे झुलवीत आंत जावें. आणि मधून मधून पातें बाहेर काढून भुसा पडूं द्यावा. धूर दिसला म्हणजे दांत बोथट झाले किंवा हात जड झाला, असें समजावें.

पात्यांची निवडहि तितकीच महत्त्वाची. खिळे नसलेल्या लांकडास मोठ्या तीक्ष्ण दांतांचें पातें भराभर कापतें, पण एका खिळ्यानें त्याचा नाश होतो. जुन्या घरांत खिळा कोठें असेल याचा नेम नसल्यामुळें दुहेरी धातूचें पातें घ्यावें. त्याचें अंग लवचीक पोलादाचें व दांत कठीण पोलादाचे असतात, म्हणून तें लांकूड व मऊ खिळा दोन्ही कापतें. कठीण स्क्रू व जाड लोखंड यांसाठीं कार्बाइडच्या दांतांचें पातें मिळतें. तें महाग असतें, पण टिकतें. लांकडास वेग जास्त व धातूस कमी ठेवावा. पातें यंत्रास बसविण्याच्या खोबणी निरनिराळ्या असतात. सन २०१६ मध्यें बॉश व फाइन यांनीं मिळून ‘स्टारलॉक’ नांवाची खोबण काढली. जुन्या नमुन्यांच्या खोबणी याहून वेगळ्या आहेत. म्हणून यंत्र घेतांना त्याचीं पातीं आपल्या तालुक्याच्या बाजारांत मिळतात कीं नाहींत, हें आधीं विचारावें. पातें न मिळणारें यंत्र म्हणजे फाळ न मिळणारा नांगर.

दुसरें पातें बसवून सुतारमामांनीं यंत्र आपल्या हातीं घेतलें. त्यांनीं तें पूर्वीं कधींहि धरलें नव्हतें. परंतु लांकडाची जात व शिरांची दिशा त्यांच्या बोटांस ठाऊक होती. दोन्ही आडवे काप त्यांनीं पाऊण तासांत घेतले. मधलें लांकूड फोडण्यास मात्र त्यांनीं यंत्र बाजूस ठेवून पटाशीच घेतली; उभ्या शिरांत पटाशीचे हलके दोन ठोके जें करतात तें यंत्रास अर्ध्या तासांतहि साधलें नसतें. आडवें कापणें यंत्राचें व उभें फोडणें पटाशीचें, अशी ती वांटणी होती. वरच्या भिंतीची माती मूठभरहि पडली नाहीं.

नवा पाय शेजाऱ्याच्या पाडलेल्या घरांतील एका सागवानी तुळईच्या तुकड्याचा केला. व्यापाऱ्यानें टाकून दिलेला तो तुकडा आमच्या गोठ्यांत पडून होता. असें जुनें, पुरें वाळलेलें लांकूड नव्या ओल्या लांकडाहून बरें, कारण तें पुढें आकसत नाहीं व जोड उघडत नाहीं. कुजका पाय काढल्यावर कोबा चार बोटें फोडून तेथें दगडाचा तळखडा बसविला, व त्याचें तोंड जमिनीच्या वर तीन इंच ठेवलें. नवा पाय तितका आंखूड केला, म्हणजे धुण्याचें पाणी आतां दगडास लागतें, लांकडास लागत नाहीं. मातींत परवानगी असलेलें वाळवीनाशक त्यावरील सूचनेप्रमाणें घातलें. पायाच्या तळाचीं उघडीं तोंडें रंगानें तीनदां भिजवून बंद केलीं, जोडास चिकट लावून दोन आरपार लांकडी खुंट्या ठोकल्या, आणि फटींत लांबी भरली. हीं कामें यंत्राचीं नाहींत; पण हीं न केलीं तर यंत्रानें केलेलें काम चार पावसाळेहि टिकणार नाहीं. कूज कापली तरी ओलीचें कारण राहिलें, तर ती पुन्हां येते.

दोन्ही बाह्यांस मिळून तीन दिवस लागले. त्यानंतर याच यंत्राचे इतर उपयोग ध्यानांत आले. नवी फरशी घालतांना चौकटीचा खालचा कांठ जागच्या जागीं फरशीच्या जाडीइतका कापतां येतो. भिंतीलगत आलेला प्लॅस्टिकचा पाण्याचा नळ भिंतीशीं समतल कापतां येतो. फळीस विजेच्या पेटीपुरतें चौकोनी भोंक पाडतां येतें. गव्हाणीच्या फळीचा गंजलेला बोल्ट कापतां येतो. पात्याऐवजीं त्रिकोणी तळ बसवून त्यास कांचकागद लावला, म्हणजे खिडकीच्या गजांमागील कोपरे घांसतां येतात, जेथें हात पोंचत नाहीं. लांब फळ्या चिरणें, शहाबादी फरशी कापणें, वांसे तोडणें, हीं मात्र त्याचीं कामें नव्हेत.

कांहीं धोके स्पष्टपणें सांगितले पाहिजेत. गोठ्यांवर व पडव्यांवर सिमेंटचे जे जुने करडे पत्रे असतात, त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असतें. त्याची धूळ फुप्फुसांत कायमची बसते व पुष्कळ वर्षांनीं प्राणघातक रोग करते. ते पत्रे या यंत्रानें, किंबहुना कोणत्याहि यंत्रानें, कापूं नयेत. जुन्या तैलरंगांत शिसें असतें. आपल्या देशांत घरगुती रंगांतील शिशावर दशलक्षांत ९० भागांची मर्यादा सन २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली आहे, तेव्हां त्यापूर्वींचा रंग संशयितच समजावा. तो कोरडा घांसूं नये. ओला करून खरवडावा, मुलांस दूर ठेवावें आणि खरवड गोळा करून पुरावी, ती चुलींत घालूं नये. सागाचा भुसाहि नाकास व कातडीस बाधतो. म्हणून डोळ्यांस चष्मा, नाकातोंडास चांगला मास्क व कानांस बोळे असल्यावांचून काम करूं नये. नुसतें उपरणें बांधणें पुरेसें नाहीं. भिंतींत पातें घालण्यापूर्वीं आंतून विजेची तार गेली आहे काय तें पाहून मुख्य स्विच बंद करावा, व यंत्रास दुसरीकडून वीज घ्यावी. विजेची गळती होतांच प्रवाह तोडणारा जो स्विच, ज्यास वायरमन ईएलसीबी म्हणतात, तो असलेल्या जोडणीवरच यंत्र चालवावें. वीज मंद असतां यंत्रहि मंदावतें. तशा वेळीं रेटल्यास तें तापतें. वीज बेभरवशाची असेल तेथें बॅटरीवरचें यंत्र सोयीचें, मात्र तें महाग पडतें.

किंमतीविषयीं म्हणावयाचें तर, साधें यंत्र सुमारें तीन हजार रुपयांपासून मिळतें व चांगलें दहा-बारा हजारांपर्यंत जातें. पात्यांचा खर्च वेगळा. वर्षांतून चार दिवस लागणारी ही वस्तु प्रत्येक घरानें घ्यावी असें मी म्हणणार नाहीं. आमच्या वाडींत पांच घरांनीं मिळून एक यंत्र घेतलें आहे. पेरणीस जशी सावड करतों तशीच ही सावड. जो यंत्र नेईल त्यानें आपलें पातें आपण आणावें व यंत्र पुसून परत करावें, एवढाच नियम. तें ठेवलें आहे सुतारमामांच्या घरीं. यंत्र आल्यानें सुताराचें काम जाईल अशी भीति प्रथम आम्हांस वाटली होती. पण कोठें कापावें आणि कोठें थांबावें हें सांगणारा माणूस नसेल, तर तें यंत्र चांगली चौकटहि तितक्याच वेगानें बिघडवील. आतां त्यांचा नातू तें चालवितो व मामा खूण करून देतात.

या गोष्टीस दोन पावसाळे झाले. उजव्या बाहीचा जोड जसाच्या तसा आहे. डाव्या जोडांत केंसाएवढी फट पडली होती, ती मागल्या माघांत पुन्हां भरली. वाळवी अद्याप दिसलेली नाहीं. बंधूंचें मत पुरें बदललें असें मी म्हणत नाहीं. स्लॅबची गोष्ट दिवाळींत पुन्हां निघते. परंतु ती आतां घर पडेल या भीतीपोटीं निघत नाहीं, व निर्णय करावयाचा तर तो आम्ही सवडीनें करूं. जुनें घर ठेवावें कीं पाडावें, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. एवढें मात्र प्रत्येकानें करावें कीं, कोणी घर पाडण्याचा सल्ला देईल तेव्हां प्रथम एक आरी घेऊन लांकूड कोठवर कुजलें आहे तें स्वतः टोंचून पाहावें. पुष्कळदां तें वीतभरच असतें.

ज्या बंधूंनीं हें यंत्र वापरलें असेल त्यांनीं आपला अनुभव, विशेषतः ऐन, किंजळ अशा कठीण लांकडांवर कोणतें पातें टिकलें तो, याच मासिकांतून अवश्य कळवावा, अशी विनंति आहे.